फराळाच्या ताटाशी हा विषय?

दिवाळी अंक घरातली लहानथोर सारी माणसे वाचतात. त्यात संततिनियमनाचा विषय कशाला, असे कोणी नाक मुरडून विचारील. पण घरातलीच गोष्ट घरातल्या माणसांपुढे मांडायची नाही, तर मांडायची कोठे?

हे पाश्चात्त्यांचे खूळ, आपल्या पूर्वजांना याची गरज नव्हती, असे आमच्या शहापूर-मुरबाडकडे पारावर ऐकू येते. गरज नव्हती? मग १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांना पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह का काढावे लागले? १८८१ साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली. वर्तमानपत्रांनी मात्र सगळ्या बायकांनाच धारेवर धरले. पुरुषांच्या पदरी त्यांच्या दोषांचे माप घातले ते बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी, १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून.

आणि पाश्चात्त्यांनी तरी या ज्ञानाला पायघड्या कोठे घातल्या? अमेरिकेने १८७३ मध्ये कायदा करून ही माहिती व साधने टपालाने पाठवणे गुन्हा ठरवले. लंडनमध्ये १८७७ साली डॉ. नोल्टन यांची जुनी पुस्तिका पुन्हा छापली म्हणून ब्रॅडलॉ आणि अ‍ॅनी बेझंट यांच्यावर खटला झाला. त्या बोभाट्यानेच पुस्तिकेचा खप लाखावर गेला! तेव्हा भांडण पूर्व-पश्चिमेचे नाही. ज्ञानाच्या कुलपाची किल्ली कोणाच्या कनवटीला, एवढाच प्रश्न आहे.

महर्षी अण्णासाहेब कर्वे सर्वांना ठाऊक आहेत. त्यांची पहिली पत्नी राधाबाई १८९१ साली बाळंतपणात गेली. तिच्याच मुलाने, रघुनाथरावांनी, १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले. बक्षीस काय मिळाले? प्राध्यापकी गेली, ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. १९५३ साली ते वारले. त्याआधी वर्षभर, १९५२ मध्ये, सरकारनेच कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला होता!

आज आमच्या पाड्यांवर आशाताई ही माहिती घेऊन दारोदार फिरतात. पण ऐकायला बसते बाई आणि ऑपरेशनला जाते तीही बाईच. पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी असूनही तिचे नाव काढताच पारावरचे शूर गप्प होतात. शाळेत प्रजननाचा धडा आला की ‘घरी वाचा’ म्हणायचे, घरी म्हणायचे ‘शाळेत शिकवतील’! मुलांनी शिकायचे कोठे?

एकोणिसाव्या शतकाने बाईला ज्ञान नाकारले आणि दोष मात्र तिच्या पदरात टाकला. ज्ञान आज दारात उभे आहे. पुरुषहो, आता तरी उठून दार उघडा!