डोक्याला मार : आधी शाळा, मग मैदान

मूल पडले, डोक्याला मार लागला, स्कॅन केला आणि रिपोर्ट नॉर्मल आला, की पालकांचा जीव भांड्यात पडतो. तो पडणे साहजिकच आहे. मेंदूत रक्तस्राव नाही, कवटीला तडा नाही, ही काही लहान गोष्ट नव्हे. परंतु गेल्या पंचवीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, बऱ्याच घरांत खरा घोळ सुरू होतो तो त्यानंतरच.

मागल्या पावसाळ्यातली गोष्ट. नववीतला एक मुलगा शाळेच्या कबड्डीच्या सामन्यात पकड करायला गेला आणि समोरच्या खेळाडूचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी आली. तोंडावर पाणी मारले, दोन मिनिटांत पठ्ठ्या उठला. टाळ्या पडल्या आणि तो सामना संपेपर्यंत खेळला. रात्री दोन उलट्या झाल्या, तेव्हा घाबरून घरच्यांनी त्याला जिल्ह्याच्या गावी नेले. स्कॅन नॉर्मल आला.

आता घरात दोन पक्ष पडले. आजीचे म्हणणे, "महिनाभर पोराने अंथरुणातून हलायचे नाही." वडिलांचे म्हणणे, "रिपोर्ट नॉर्मल आहे, मग सोमवारपासून शाळा." आधी आजी जिंकल्या. खिडकीला चादर लावून मुलाला बारा दिवस अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवले. मग वडील जिंकले. एकाच दिवशी पूर्ण शाळा, संध्याकाळी क्लास आणि त्यानंतर कबड्डीचा सराव! तिसऱ्या दिवशी तो डोके धरून माझ्या दवाखान्यात आला. फळ्यावरची अक्षरे हलतात, वर्गातला गोंगाट सहन होत नाही, वाचलेले लक्षात राहत नाही, असे तो सांगत होता. वर्गात सर म्हणाले होते, "नाटक करतोस." वडील बाहेर औषध घ्यायला गेले, तेव्हा त्याने मला हळूच विचारले, "डॉक्टर, आता मला कधीच अभ्यास जमणार नाही का?"

चौदा वर्षांच्या मुलाच्या मनात ही भीती घालायला मार कमी आणि आपण मोठी माणसेच जास्त कारणीभूत होतो, असे माझे स्पष्ट मत आहे. यात मी स्वतःलाही वगळत नाही. पूर्वी मीदेखील चिठ्ठीवर 'पंधरा दिवस संपूर्ण विश्रांती' असे लिहून मोकळा होत असे. तेव्हा तशीच पद्धत होती. आज ती चुकीची ठरली आहे.

मग स्कॅन नॉर्मल असताना त्रास का होतो? दह्याचे मडके जोरात हिंदकळले तर मडके फुटत नाही, पण आतले दही मोडते. मेंदू कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. डोक्याला किंवा नुसत्या मानेलाही जोराचा धक्का बसला, तर तो आतल्या आत हिंदकळतो. यालाच आम्ही कन्कशन म्हणतो. शुद्ध हरपलीच पाहिजे असे नाही. बहुतेक वेळा ती हरपत नाही. यात पेशींचे कामकाज काही काळ विस्कटते आणि त्यांची ऊर्जेची गरज व पुरवठा यांचा मेळ बसत नाही. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, हाड मोडलेले दिसते; कामकाजातला हा बिघाड दिसत नाही. म्हणून डोकेदुखी, गरगरणे, उजेड व आवाज नकोसा होणे, चिडचिड, रडू येणे, झोप बिघडणे, विसरायला होणे ही लक्षणे रिपोर्ट नॉर्मल असतानाही खरी असतात. मुलावर विश्वास ठेवणे हा उपचाराचा पहिला भाग आहे.

पहिले एक-दोन दिवस विश्रांती हवीच. पण विश्रांती म्हणजे अंधारकोठडी नव्हे. मुलाने आंघोळ करावी, सर्वांबरोबर जेवावे, अंगणात चार पावले फिरावे. टीव्ही आणि मोबाइल मात्र या दोन दिवसांत शक्य तितका दूर ठेवावा. तपासणी होऊन धोक्याची लक्षणे नसतील, तर मुलाला झोपू द्यावे. 'डोक्याला मार लागल्यावर झोपू देऊ नये' हा समज सोडून द्यावा. मात्र त्याला एकटे ठेवू नये. पुन्हा पुन्हा उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, जागे केले तरी नीट जाग न येणे, बोलण्यात गोंधळ, एक वस्तू दोन दिसणे, हातापायातली शक्ती जाणे, नाकाकानातून रक्त किंवा पाणी येणे, यांपैकी काहीही दिसले तर रात्र असो की पाऊस, तडक मोठ्या रुग्णालयात न्यावे. मनाने ॲस्पिरिनसारख्या गोळ्या देऊ नयेत.

दोन दिवसांनंतर मात्र पायरी-पायरीने कामाला लागावे. खेळातील डोक्याच्या इजांविषयी जगभरचे तज्ज्ञ २०२२ साली ॲमस्टरडॅमला जमले होते. त्यांनीही हेच सांगितले की, फार दिवस निजून राहण्याने फायदा नाही. त्रास बेताचा असताना लवकर सुरू केलेले हलके चालणे-फिरणे बरे होण्यास मदतच करते. याचे घरगुती मोजमाप सोपे आहे. काम सुरू करण्यापूर्वी मुलाला विचारावे, "त्रासाला दहापैकी किती गुण देशील?" समजा, तो म्हणाला दोन. मग पंधरा मिनिटे वाचू द्यावे. आकडा चारपर्यंत गेला आणि तासाभरात उतरला, तर काळजी नाही. त्याहून वाढला, तर पुस्तक मिटावे, विश्रांती द्यावी आणि पुढच्या वेळी दहाच मिनिटे वाचू द्यावे.

घरी सलग अर्धा-पाऊण तास वाचणे जमू लागले, की शाळा सुरू करावी. पूर्ण बरे वाटेपर्यंत शाळा बुडवण्याचे कारण नाही. सुरुवातीला दोन-तीन तास, मग अर्धा दिवस, मग पूर्ण दिवस. या काळात शिक्षकांनी मुलाला खिडकीच्या उन्हापासून दूर बसवावे. फळ्यावरचे सगळे उतरवून घेण्याची सक्ती करू नये. मित्राची वही मिळाली तरी पुरते. डोके दुखले तर त्याला थोडा वेळ शांत जागी बसू द्यावे. एखादी चाचणी पुढे ढकलावी आणि राहिलेला गृहपाठ एकदम मागू नये. यात खर्च एका पैशाचा नाही. हाड मोडून गळ्यात हात बांधलेल्या मुलाला आपण 'लिही' म्हणत नाही. याचे प्लॅस्टर दिसत नाही, एवढाच फरक.

मैदान मात्र शाळेनंतर. पूर्ण शाळा आणि अभ्यास त्रासाशिवाय जमू लागल्यावरच खेळाच्या वरच्या पायऱ्या. भरभर चालणे, हलके धावणे, एकट्याने खेळाचा सराव, मग धक्काबुक्की नसलेला सांघिक सराव. प्रत्येक पायरीला निदान एक दिवस द्यावा. त्रास वाढला तर एक पायरी खाली उतरावे. लक्षणे पूर्ण गेल्यावर, डॉक्टरांनी तपासून संमती दिली तरच पूर्ण सराव आणि शेवटी सामना. ब्रिटनने २०२३ साली हौशी खेळाडूंसाठी नियमावली काढली, तीत एकविसाव्या दिवसाआधी स्पर्धेत उतरू नये असे म्हटले आहे. आपणही हा हिशेब धरायला हरकत नाही. कारण मेंदू सावरण्याआधी दुसरा मार बसला, तर त्रास कित्येक पटींनी लांबतो आणि क्वचित मेंदूला सूज येऊन तरुण खेळाडूचा जीवही जातो. सायकल आणि मोटारसायकललाही हाच विचार लागू आहे. बहुतेक मुले चार आठवड्यांत बरी होतात. त्यापलीकडे त्रास रेंगाळला तर पुन्हा दाखवावे.

ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सच्या कसोटीत जोफ्रा आर्चरचा उसळता चेंडू मानेवर बसून ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह स्मिथ कोसळला. थोड्या वेळाने तो पुन्हा फलंदाजीलाही आला. दुसऱ्या दिवशी मात्र त्याला त्रास जाणवू लागला आणि त्याला सामन्यातून बाहेर काढण्यात आले. त्याच्या जागी मार्नस लाबुशेन खेळला आणि पुढच्या कसोटीतही स्मिथ नव्हता. ॲशेससारखी मालिका चालू असताना संघाने आपला सर्वांत भरवशाचा फलंदाज बसवून ठेवला. मग तालुका पातळीवरच्या ढालीसाठी आपण अर्धवट शुद्धीतल्या पोराला टाळ्या वाजवून पुन्हा मैदानात का ढकलतो? डोक्याला मार लागून भोवंडलेला खेळाडू त्या दिवशी पुन्हा खेळणार नाही, एवढा एक नियम प्रत्येक शाळेने पाळावा. त्याला खेळाडूवृत्तीचा अभाव म्हणू नये.

त्या मुलाला मी म्हणालो, "अरे, जमेल, पण जिना एका उडीत चढायचा नाही." आजींना खिडकीची चादर काढायला लावली, वडिलांना क्लास आणि सराव थांबवायला सांगितले आणि मुख्याध्यापकांना चिठ्ठी दिली. त्यांनी ती मनावर घेतली आणि घटक चाचणी मागाहून घेतली. रोजच्या गुणांची एक वही मुलाने स्वतःच ठेवली. तीन आठवड्यांत तो पूर्ण दिवस शाळेत बसू लागला आणि दिवाळीनंतर कबड्डी खेळू लागला. ती वही तो मला दाखवायला घेऊन आला होता. शेवटच्या आठ दिवसांपुढे त्याने नुसती शून्ये मांडली होती.