इंजिनाखालचे झाकण हवे की नको?

मागच्या पावसात आम्ही आमची जुनी गाडी तेल बदलण्यासाठी एका गॅरेजात दिली. संध्याकाळी ती घरी आणली, सर्व काही ठीक दिसले. दोन दिवसांनी वाक्वाच्या मुसळधार पावसात रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून जात असता इंजिनाचा पट्टा किंचाळू लागला आणि वळणावरच स्टिअरिंग एकाएकी जड झाले. मागच्या सीटवर मुले होती. कशीबशी गाडी कडेला घेतली आणि खाली वाकून पाहिले, तर इंजिनाखालचे काळे प्लास्टिकचे झाकण गायब!

गॅरेजात विचारले. उत्तर मिळाले, "गुरुजी, त्याची गरज काय? काढल्याने इंजिनाला हवा लागते. पूर्वीच्या गाड्यांना कुठे होते?"

वाचकहो, असे बोलणे आपण पुष्कळ जणांच्या तोंडून ऐकतो. म्हणून त्याचा थोडा विचार करू.

पूर्वीच्या कित्येक गाड्यांना हे झाकण नव्हते, हे खरे. पण त्या गाड्या तशाच बनवलेल्या होत्या. आजच्या पुष्कळ गाड्यांत समोरून आलेली हवा रेडिएटरमधून नीट पुढे जावी, म्हणून हे झाकण मुद्दाम बसवलेले असते. ते काढले की इंजिन थंड राहीलच असे नाही. उलटही होऊ शकते. शिवाय गाडीखालून वारा सरळ वाहतो, पेट्रोल थोडे वाचते आणि आवाजही कमी होतो.

पण आपल्या बेटावर याहून मोठे कारण आहे ते पाणी, चिखल आणि मीठ. जून ते डिसेंबर ऊसतोडीच्या दिवसांत रस्त्यावर पाचोळा आणि लाल माती पडते. गणपती विसर्जनाला आपण सहकुटुंब समुद्रावर जातो, तिथे वाळू आणि खारा वारा. चाकांनी उडवलेले हे सारे झाकण नसले की थेट पट्ट्यावर, तारांवर आणि लोखंडावर बसते. आमचा पट्टा भिजून घसरला तो यामुळेच.

मात्र झाकण म्हणजे कवच नव्हे. १५ जानेवारी २०२४ रोजी बेलाल चक्रीवादळात पोर्ट लुईत पाण्याने गाड्या वाहून नेल्या, ते आपण विसरलो नाही. इंजिन जिथून हवा ओढते, तिथून पाणी आत शिरले तर झाकण काय करणार? पुरात गाडी घालूच नये.

दुसऱ्या बाजूचेही एक म्हणणे रास्त आहे. तेल गळत असेल तर ते झाकणात साचते आणि अंगणात डाग पडत नाही, म्हणून गळती लवकर कळत नाही. तेल आणि वाळका पाचोळा गरम इंजिनाखाली साचणे धोक्याचे आहे. पण यावर उपाय झाकण फेकणे हा नव्हे. तेल बदलताना दर वेळी ते पुसून घ्यावे आणि गळती कुठे आहे ती शोधावी.

अर्धवट लोंबणारे झाकण मात्र सर्वांत वाईट. दोदानवर घासून दोन-तीन खिळे तुटले की मोटरवेवर वारा त्यात भरतो आणि ते फाटून चाकात किंवा मागच्या मोटारसायकलवाल्यावर जाऊ शकते. तसे झाले तर ते त्या दिवशी काढून ठेवावे आणि त्याच आठवड्यात नवे खिळे घालून पुन्हा बसवावे.

आमचे झाकण गॅरेजच्या मागे जुन्या टायरांखाली सापडले. चार खिळे नवे लागले, एवढेच.

शाळेत आम्ही मुलांना सांगतो, वस्तू जिथून घेतली तिथे परत ठेवा. मोठ्यांनीही हे पाळावे. गॅरेजवाल्याने काही काढून ठेवले, तर गिऱ्हाइकाला सांगावे. आणि आपण, गाडी ताब्यात घेताना असो वा जपानहून आलेली वापरलेली गाडी विकत घेताना असो, किल्ली हाती घेण्याआधी एकदा वाकून खाली पाहावे.