गर्दीतली वाट

हैदराबादला जाऊन लाड बाजारात बांगड्या घेतल्या नाहीत, असे आपल्या सीमाभागातल्या घरांत सहसा होत नाही. चारमिनारच्या पश्चिमेची ती गल्ली सणासुदीला तुडुंब भरते. तरी माणसे एकमेकांवर आदळत नाहीत. वहिनी बांगड्यांचा भाव करत होत्या, तेव्हा मी दुकानाच्या पायरीवरून हेच पाहत होते. जाणाऱ्यांची एक ओळ, येणाऱ्यांची दुसरी. कोणी आखून दिलेली नाही!

कारण साधे आहे. समोरून येणाऱ्याला चुकवत राहण्यापेक्षा आपल्याच दिशेने चाललेल्याच्या पाठीमागे राहणे सोपे. हेल्बिंग आणि मोल्नार या शास्त्रज्ञांनी १९९५ साली चालणाऱ्यांचे हे वागणे गणितात मांडले. पुढे २००९ साली भारतीय आणि जर्मन लोकांना एका ओळीत चालवून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आपण जर्मनांपेक्षा कमी अंतर ठेवून चालतो, असे दिसले. आपल्याला दाटीची सवय आहे.

पण हीच सवय घात करते. पुढचा चालला म्हणून आपणही चालतो. पुढे वाट अडली आहे हे मागच्याला कळत नाही. २५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेवीच्या अरुंद चढावर जवळजवळ तीनशे भाविक गेले. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहांहून जास्त माणसे झाली की पाय आपल्या ताब्यात राहत नाहीत. मग ‘जरा सरका’ म्हणा, ‘सरीरी’ म्हणा की तिरुपतीचे ‘जरगंडी’. सरकायला जागाच नसते.

म्हणून यात्रेला, बाजाराला निघताना एवढे करा. आत शिरतानाच बाहेर पडायची दुसरी वाट पाहून ठेवा. चारी बाजूंनी खांदे लागू लागले की पुढे न रेटता तिथूनच परत फिरा. अडकलात तर हात छातीपुढे धरा, श्वासाला जागा राहते. लोंढ्याच्या उलट जोर लावू नका; तिरपे सरकत कडेला या. पडलेली चप्पल उचलायला वाकू नका. लहानग्याला कडेवर घ्या. आणि चुकामूक झाली तर कुठे भेटायचे, ते आधीच ठरवा. हैदराबादेत त्यासाठी चारमिनारइतकी सोपी खूण नाही. १५९१ पासून ती उभी आहे. फक्त चारांपैकी कोणता मिनार, तेवढे मुलांना नक्की सांगा.