प्रतिजैविके थांबवायची कधी?

अतिदक्षता विभागातील रुग्णाचा रक्तदाब घसरला, की कारण जंतुसंसर्गच आहे का, हे पडताळण्यास डॉक्टरांना वेळ नसतो. रक्ताच्या कल्चरचा अहवाल येईपर्यंत दोन-तीन दिवस जातात; तोवर प्रतिजैविके सुरू झालेली असतात. खरा पेच ती थांबविण्याचा आहे.

त्यासाठी रक्तातील ‘प्रोकॅल्सिटोनिन’ मोजले जाते. जिवाणूंच्या संसर्गात ते वाढते. पण मोठ्या शस्त्रक्रियेनंतरही वाढते. त्यामुळेच सेप्सिसविषयीच्या २०२१च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी औषधे सुरू करण्यासाठी नव्हे, तर थांबविण्यासाठी त्याचा आधार घेण्याचे सुचविले, तोही रुग्णाची अवस्था पाहूनच.

ब्रिटनमधील ४१ अतिदक्षता विभागांत २,७६० रुग्णांवर झालेल्या ‘अ‍ॅडॅप्ट-सेप्सिस’ चाचणीचे निष्कर्ष डिसेंबर २०२४मध्ये प्रसिद्ध झाले. प्रोकॅल्सिटोनिनच्या दैनंदिन मोजणीने प्रतिजैविकांचा काळ सरासरी १०.७ दिवसांवरून ९.८ दिवसांवर आला. २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण २०.९ टक्के, तर नेहमीच्या उपचारांत १९.४ टक्के होते. हा फरक आधी ठरविलेल्या मर्यादेत असला, तरी नजरेआड करण्याजोगा नाही. आपल्याकडे सर्रास होणाऱ्या ‘सीआरपी’ तपासणीने मात्र औषधांचा काळ घटला नाही.

एका दिवसाची बचत थोडी नव्हे. पण ही चाचणी सरकारी खर्चाने चालणाऱ्या आरोग्यसेवेत झाली. रोजच्या तपासणीचे बिल नातेवाईक भरतात, तेथे हा हिशेब वेगळा मांडावा लागेल.