भत्त्याआड दडलेली मजुरी

कामानिमित्त परगावी गेलेल्या माणसाला जेवणखाणासाठी मिळणारा दैनिक भत्ता हा त्याचा पगार मानावा की नाही, हा प्रश्न वरवर पाहता हिशेबनिसाचा वाटतो. आपल्याकडील कारकुनाला दौऱ्याचे देयक भरताना तो सहसा पडत नाही. कारण त्याचा पगार ठरलेला असतो आणि भत्ता त्याहून वेगळा मिळतो. अमेरिकेतील मालमोटारचालकांची गोष्ट निराळी आहे. तेथे अनेक कंपन्या भत्ता पगारावर देत नाहीत, पगारातूनच वेगळा काढतात.

या भत्त्यामागील तत्त्व रास्त आहे. लांब पल्ल्याचा चालक कित्येक दिवस घराबाहेर असतो. नियमानुसार जास्तीत जास्त अकरा तास गाडी हाकावी, मग दहा तास सक्तीची विश्रांती घ्यावी आणि रस्त्याकडेच्या उपाहारगृहात जेवावे, असा त्याचा क्रम. हा खर्च नोकरीपायीच होत असल्याने त्यावर कर नसावा, हे तेथील कायद्याला मान्य आहे. अट इतकीच की, प्रवासात झोप अथवा विश्रांती घेणे भाग पडावे. १९६७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका फिरत्या विक्रेत्याच्या खटल्यात ही कसोटी उचलून धरली. वाहतूक व्यवसायासाठी या भत्त्याचा मान्य दर ऑक्टोबर २०२४ मध्ये दिवसाला ८० डॉलर करण्यात आला.

परंतु या तत्त्वाचा लाभ सर्वांना सारखा मिळत नाही. एकाच मेजावर जेवणाऱ्या तीन चालकांची कल्पना करावी. पहिला गाडीचा मालक आहे. तो मान्य दराच्या ८० टक्के रक्कम व्यवसायाचा खर्च म्हणून वजा करतो. दुसऱ्याला कंपनी करमुक्त भत्ता देते. तिसरा नोकरदार असून त्याला भत्ता नाही. पूर्वी त्याला आपला खर्च काही मर्यादेत विवरणपत्रात वजा दाखवता येई. २०१७ च्या कायद्याने ही सवलत २०१८ पासून थांबवली आणि २०२५ च्या कायद्याने ती कायमची बंद केली. सर्वांसाठीची सरसकट वजावट वाढवली गेली, हे खरे. पण ती रोज घरी जेवणाऱ्यालाही मिळते.

साहजिकच नोकरदार चालकाला कंपनीच्या भत्त्यावाचून गत्यंतर उरलेले नाही. उदाहरणादाखल, मैलाला ६० सेंट या दराने आठवड्यात २,५०० मैल कापणाऱ्या चालकाची मजुरी १,५०० डॉलर होते. कंपनीने यांपैकी १५ सेंट भत्ता ठरवला, तर ३७५ डॉलर करमुक्त होतात. १२ टक्क्यांच्या टप्प्यातील चालकाचे प्राप्तिकराचे ४५ डॉलर आणि सामाजिक सुरक्षा व वैद्यकीय विम्याच्या ७.६५ टक्के कराचे सुमारे २९ डॉलर वाचतात. हातात पडणारी रक्कम वाढते आणि चालक समाधान पावतो. मात्र कंपनीलाही आपल्या वाट्याचे तेवढेच २९ डॉलर भरावे लागत नाहीत, हे त्याच्या सहसा ध्यानात येत नाही.

खरी किंमत पुढे मोजावी लागते. अमेरिकेतील वार्धक्यवेतन सर्वाधिक कमाईच्या ३५ वर्षांच्या नोंदींवरून ठरते. त्या नोंदींत १,५०० नव्हे, १,१२५ डॉलरच चढतात. नोकरी सुटल्यास मिळणारे साहाय्यही नोंदलेल्या वेतनावर बेतलेले असते. घरासाठी कर्ज मागावे, तर सावकारापुढे हाच रोडावलेला आकडा जातो. वाचलेला पैसा नेमाने गुंतवणारा तरुण चालक या व्यवहारात फायद्यात राहू शकेल, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु आठवड्याचे ७४ डॉलर संसारात कसे विरून जातात, हे कोणत्याही पगारदाराला सांगावयास नको.

महसूल खात्याने २०१२ साली स्पष्ट केले की, जी रक्कम एरवी मजुरी म्हणून द्यावयाची, तिला केवळ खर्चभरपाईचे नाव देऊन करमुक्त करता येणार नाही. मात्र पुढील काळासाठी वेतनाची रचनाच बदलण्याची वाट मोकळी राहिली. कायद्याच्या दृष्टीने या दोहोंत अंतर असेल. मैलाला तेच ६० सेंट मिळवणाऱ्या चालकाच्या दृष्टीने ते फारसे नाही.

यावर उपाय अवघड नाही. ज्यांच्या कामाचे तास कायद्याने बांधलेले आहेत, त्या नोकरदार चालकांना जेवणखर्चाची वजावट पुन्हा द्यावी. भत्ता घ्यावा की पूर्ण मजुरी, याची निवड चालकाने करावी, आणि त्याआधी दोन्ही पर्यायांत त्याच्या वार्धक्यवेतनाचे काय होईल, हे कंपनीने त्याला लेखी सांगावे. वाटेतल्या भाकरीवर कर नको, हे योग्यच. पण त्या भाकरीचा खर्च चालकाच्या म्हातारपणातून वसूल होता कामा नये.