सालीसकट संत्रं

मृग बहाराची संत्री संपत आली की फळांच्या टोपलीचा तळ दिसू लागतो. साल सैल पडलेली तीन-चार संत्री, कुणा आजाऱ्यासाठी आणलेलं आणि तसंच राहून गेलेलं मोसंबं, फ्रीजच्या दारात आक्रसून टणक झालेली लिंबं. खायला कुणी हात लावत नाही आणि टाकवतही नाहीत. अशा उरल्यासुरल्या फळांचं सोनं करणारा एकच पदार्थ मला माहीत आहे, तो म्हणजे घरचं मार्मालेड. तास-सव्वा तासात होतं आणि विकतच्या बाटलीत बहुधा हरवलेला सालीचा खरा कडवटपणा त्यात शाबूत असतो.

‘कडू जॅम कोण खाणार?’ हा प्रश्न घरोघरी येतोच. मला तो पटत नाही. आपण कारल्याची भाजी चवीनं खातो, डिंकाच्या लाडवांइतकेच मेथीचे लाडू करतो, पाडव्याला कडुनिंबाची चटणी चाखतो. लिंबाचं गोड लोणचं तर मार्मालेडचं सख्खं भावंड आहे. साल, रस आणि साखर. तिखट-मीठ वगळलं की फरक उरतो तो शिजवण्याचा. ज्या घरात त्या लोणच्यातल्या मुरलेल्या सालीच्या फोडीसाठी भांडणं होतात, त्या घराला मार्मालेड परकं वाटायचं कारण नाही.

मार्मालेड रुजलं ते ब्रिटनमध्ये, आणि तेही स्पेनमधल्या सेव्हिलच्या संत्र्यांवर. ही संत्री जानेवारीत बाजारात येतात. जाड सालीची, बियांनी भरलेली आणि सोलून तोंडात टाकवणार नाहीत इतकी आंबट-कडू. स्कॉटलंडमधल्या डंडी गावात किलर कुटुंबानं १७९७ मध्ये आपला कारखाना काढला आणि सालीचे काप घातलेलं मार्मालेड तिथून दूरदूर गेलं. पण आपल्या हातात असतं ते नागपुरी संत्रं. पातळ, सुटी साल, गोड रस आणि आंबटपणा बेताचा. म्हणून इंग्रजी पुस्तकातली कृती जशीच्या तशी उचलली की बिघडते. आपल्या संत्र्याची साल दोन-दोन तास उकळावी लागत नाही, आणि लिंबाशिवाय आपलं काम होत नाही.

हे लिंबाचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. मार्मालेड घट्ट धरतं ते पेक्टिनमुळे. पेरूची जेली ज्यामुळे थरथरत उभी राहते तेच हे द्रव्य. लिंबूवर्गीय फळांत ते रसात फारसं नसतं. असतं सालीच्या आतल्या पांढऱ्या भागात, फोडींच्या पापुद्र्यात आणि बियांच्या भोवती. म्हणजे आपण जे जे थुंकून टाकतो त्यात! पण नुसतं पेक्टिन असून भागत नाही. भरपूर साखर आणि पुरेसा आंबटपणा, दोन्ही असले तरच ते जाळं विणतं. फळ शिळं आणि अतिपिकलं होत जातं तसं पेक्टिनही उतरतं, म्हणून उरलेल्या फळांचं मार्मालेड करताना लिंबात कंजूषी नको.

आता प्रमाण. सगळी फळं मिळून अर्धा किलो: तीन-चार संत्री, एक मोसंबं, दोन लिंबं. साखरही अर्धा किलो. पाणी दोन-अडीच वाट्या. सुरकुतलेलं फळ चालतं. बुरशी आलेलं किंवा आंबूस वास मारणारं अख्खंच टाकायचं, तेवढा भाग कापून बाकीचं वापरायचं नाही. साल पोटात जाणार आहे, तेव्हा फळं कोमट पाण्यात ब्रशनं घासून धुवावीत. लांबच्या बाजारात जाणाऱ्या संत्र्यांना मेणाचा हात दिलेला असतो, तो त्यानं बराचसा निघतो.

संत्री सोलून साल कात्रीनं बारीक कातरावी. सुरीपेक्षा कात्री बरी पडते. मोसंब्याची साल जाड असते, तिचा पांढरा भाग थोडा तासून बाजूला ठेवावा. फोडी कुस्करून रस गाळून घ्यावा, लिंबंही पिळून घ्यावीत. मागे राहिलेल्या बिया, चोथा, तो तासलेला पांढरा भाग आणि पिळलेल्या लिंबाच्या फोडी हे सगळं मलमलच्या फडक्यात बांधून पुरचुंडी करावी. साल, पाणी आणि पुरचुंडी कुकरमध्ये घालून तीन शिट्ट्या. झटपट होण्याचं सारं रहस्य या शिट्ट्यांत आहे.

कुकर गार झाला की सालीचा एक तुकडा दोन बोटांत दाबून पाहावा. तो सहज चिरडला गेला पाहिजे. इथे घाई करून चालत नाही, कारण साखर पडल्यावर साल पुढे मऊ होत नाही, उलट आहे ती कडक होते. मग पुरचुंडी हातात घ्यावी आणि अगदी शेवटच्या थेंबापर्यंत पिळावी. आधी नुसतं पाणी येतं आणि मग भिजलेल्या सब्जासारखं बुळबुळीत, दाटसर काहीतरी बोटांच्या फटींतून उतरू लागतं. हे पेक्टिन. हा क्षण मला फार आवडतो.

पुढचं काम रुंद, जाड बुडाच्या स्टीलच्या भांड्यात. आंबट पदार्थ आहे, अॅल्युमिनियम नको. शिजलेली साल, तिचं पाणी, पिळून काढलेला गर आणि गाळलेला रस एकत्र करून साखर घालावी. मंद आचेवर ती पूर्ण विरघळू द्यावी आणि मगच आच मोठी करावी. पंधरा-वीस मिनिटं रटरटू द्यावं. वर येणारा फेस काढत राहावा.

कधी उतरवायचं, इथे आपल्या हाताची सवय आडवी येते. आपण पाकाची तार बघायला शिकलेली माणसं. साखरांबा-मुरांब्याला ते बरोबर आहे, पण इथे दाटपणा पेक्टिनचाही असतो आणि तो गार झाल्यावरच कळतो. पक्की दोनतारी येईपर्यंत थांबलात तर बाटलीत चिवट गोळा मिळेल. त्यापेक्षा एक ताटली आधीच फ्रीजरमध्ये ठेवावी, तिच्यावर थेंब टाकून मिनिटभर थांबावं आणि बोटानं ढकलून पाहावं. पृष्ठभागाला सुरकुती पडली की गॅस बंद. तपासताना भांडं आचेवरून उतरवून ठेवायचं, नाहीतर तेवढ्यात पुढे जातं. थर्मामीटर वापरणाऱ्यांना पुस्तकं १०४-१०५ अंश सेल्सिअस सांगतात, पण तो आकडा समुद्रसपाटीचा. पुण्यात पाणीच ९८च्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला त्याहून कमी. म्हणून आपल्या गावात पाणी जिथे उकळतं त्याच्या साडेचार-पाच अंश वर, असा हिशेब धरावा.

उतरवल्यावर दहा मिनिटं तसंच राहू द्यावं. लगेच भरलं तर सालीचे काप सगळे वर तरंगतात. मग ढवळून, उकळून कोरड्या केलेल्या गरम काचेच्या बाटल्यांत भरावं.

बाजारात मी आता मुद्दाम बारीक माल मागते. “ताई, मोठी घ्या की, ही गाडीवर रसाला जातात,” असं फळवाले दादा म्हणतात. पण लहान फळात रसाच्या मानानं साल जास्त, आणि मला सालच हवी असते. वरूड-मोर्शी, काटोल-नरखेडच्या बागांत या बारीक फळाला फार कमी भाव मिळतो. बांगलादेशानं आपल्या संत्र्यांवरचं आयात शुल्क वाढवत नेल्यापासून तर तिकडच्या बागायतदारांची अवस्था आणखी बिकट झाली आहे. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, देशाची लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था नागपुरातच आहे, आणि तरी आपल्या दुकानांत नागपुरी संत्र्याचं, जाड कापांचं, कडवट मार्मालेड शोधावं लागतं याचं मला मनापासून वाईट वाटतं. विदर्भातल्या बचत गटांनी हे काम हातात घेतलं तर पहिली गिऱ्हाईक मी असेन.

तोवर घरचं. फ्रीजमध्ये ठेवलं आणि कोरडा चमचा वापरला तर दोन-तीन महिने सहज टिकतं. टोस्टवर लोण्याबरोबर तर छानच, पण गरम दशमीवर लावून पाहा, किंवा घट्ट चक्क्यात दोन चमचे कालवून. आणि एखाद्या वेळी धरलंच नाही, पातळ राहिलं, तर एका लिंबाचा रस घालून पुन्हा पाच मिनिटं उकळा. तरीही पातळच राहिलं तर गार पाण्यात घालून चिमूटभर मीठ टाका, उन्हाळ्याचं सरबत तयार आहे.