वाट ठाऊक असलेलें घर

मूल विज्ञानांत किंवा अभियांत्रिकींत हुशार निघालें, कीं घरांतील पहिला प्रश्न ‘नोकरी केव्हां लागणार?’ हाच असतो. प्रश्न वावगा नाहीं. परंतु ज्यास प्राध्यापक वा संशोधक व्हावयाचें आहे, त्याच्या घरानें त्याआधीं ती वाट किती लांब आहे, हें जाणून घेतलें पाहिजे, असें माझें मत आहे.

कमला भागवत (पुढें सोहोनी) यांचें उदाहरण पाहावें. १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनीं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत प्रवेश मागितला. संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं, केवळ त्या स्त्री म्हणून, नकार दिला. त्या हटल्या नाहींत; एक वर्ष काम पाहूं, या अटीवर त्यांस प्रवेश मिळाला. १९३९ सालीं त्या केंब्रिजच्या पीएच्.डी. झाल्या. पुढें दिल्ली व कुन्नूर येथें नोकरी करून त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेंत प्राध्यापक व कालांतरानें संचालक झाल्या. त्यांचें धैर्य थोर खरेंच. पण त्यांचे वडील व चुलते स्वतः रसायनशास्त्रज्ञ होते, हेंहि विसरूं नये. त्या घरास वाट ठाऊक होती.

येवल्यांतील बहुतेक घरांस ती ठाऊक नाहीं, म्हणून येथें सांगतों. विज्ञानांत एम्.एस्सी. झालेल्यास ‘नेट’ परीक्षेंत वरचें स्थान मिळाल्यास संशोधनासाठीं शिष्यवृत्ति मिळते. २०२३ पासून ती पहिलीं दोन वर्षें दरमहा ३७,००० व पुढें ४२,००० रुपये आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास ‘गेट’ परीक्षेचें दार आहे. मग पीएच्.डी.चीं सुमारें पांच वर्षें व बहुधा तात्पुरत्या पदावरचीं आणखी कांहीं वर्षें. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांसारख्या ठिकाणीं कायमच्या जागा थोड्या आणि उमेदवार फार. महाविद्यालयांत तर नेट, सेट व डॉक्टरेट मिळविलेले कित्येक तरुण आज तासिका तत्त्वावर राबत आहेत. हें सत्य लपवून मुलांस केवळ उत्तेजन देणें प्रामाणिकपणाचें नव्हे. आणि विद्वानांस तासांच्या हिशेबानें राबविणें शासनासहि शोभत नाहीं.

पालकहो, आपल्या गांवांत मागावर चढविलेली पैठणी तिसऱ्या दिवशीं कोणी मागत नाहीं. तिला महिने लागतात, हें घरांतील पोरालाहि कळतें. संशोधकाच्या शिक्षणालाहि तोच न्याय लावा. पंचविसाव्या वर्षीं शेजारच्या मुलाच्या पगाराशीं त्याची तुलना करूं नका. मुलीचें लग्न हा तिच्या अभ्यासाचा शेवट ठरवूं नका.

विद्यार्थ्यांनो, तुम्हीहि डोळे उघडे ठेवून निघा. संगणक, संख्याशास्त्र, उपकरणांची दुरुस्ती, असें एखादें कसब जोडीला शिका, म्हणजे जागा मिळेपर्यंत पोटाची चिंता वाहावी लागणार नाहीं. आणि या वाटेनें गेलेला कोणी भेटला, तर संकोच सोडून त्यास विचारा. ज्या घरांत हें विचारलें जाईल, त्या घरांतील पुढच्या मुलास ती वाट अनोळखी राहणार नाहीं.